पहिल्या नजरेतील अर्थ : जनप्रबोधन मोहिमांची पूर्वचाचणी

३१ मे २००९ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या जागतिक तंबाखूविरोधी दिनापासून, भारतात तंबाखूजन्य पदार्थांच्या पाकिटांवर सचित्र इशारा छापणे बंधनकारक झाले. सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा, २००३ मधील तरतुदीची ही अंमलबजावणी होती. सिगारेट व विडीच्या पाकिटांसाठी रोगग्रस्त फुप्फुसांची चित्रे निश्चित झाली. तर गुटखा, जर्दा, खैनी अशा धूरविरहित उत्पादनांसाठी विंचवाचे चित्र निवडण्यात आले. विंचू विषारी, तशीच तंबाखूही विषारी, असा या चित्राचा अभिप्रेत अर्थ. परंतु अभ्यासकांनी पुढे प्रत्यक्ष ग्राहकांना ही चित्रे दाखवून विचारणा केली, तेव्हा विंचवाचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध अनेकांच्या ध्यानातच येत नसल्याचे दिसून आले. कायदा झाला होता, छपाई झाली होती, पाकिटे देशभर पोहोचली होती. पोहोचला नव्हता तो अर्थ.

कोणत्याही प्रचारमोहिमेसमोरील मूलभूत प्रश्न या उदाहरणात सामावलेला आहे. संदेश तयार करणाऱ्याच्या मनातील अर्थ आणि पाहणाऱ्याच्या मनात पहिल्या काही क्षणांत उमटणारा अर्थ एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. हे अंतर मोहीम सुरू होण्यापूर्वीच मोजण्याचे साधन म्हणजे संकल्पनेची पूर्वचाचणी होय. खाजगी उद्योग नव्या साबणाची किंवा चहाची जाहिरात करण्यापूर्वी ही चाचणी घेतात, कारण त्यात त्यांचे भांडवल गुंतलेले असते. लसीकरण, कुटुंबकल्याण, स्वच्छता किंवा व्यसनमुक्ती यांच्या मोहिमांत तर सार्वजनिक निधीबरोबर माणसांचे आरोग्यही पणाला लागलेले असते.

पूर्वचाचणी म्हणजे काय?

प्रचारमोहिमेच्या संशोधनाचे साधारणतः तीन टप्पे मानले जातात. मोहिमेपूर्वीचे संशोधन लोकांच्या गरजा, समजुती व सवयी यांचा शोध घेते. मोहीम चालू असताना केलेली देखरेख संदेश ठरल्याप्रमाणे पोहोचतो आहे की नाही हे पाहते. मोहिमेनंतरचे मूल्यमापन परिणामांची नोंद घेते. पूर्वचाचणीचे स्थान पहिल्या टप्प्याच्या अखेरीस असते. संकल्पना सुचलेली असते, तिचे कच्चे आराखडे तयार असतात, परंतु छपाई वा चित्रीकरण झालेले नसते. या क्षणी केलेला बदल एका कागदाच्या किमतीत होतो. नंतर तोच बदल करायचा तर लाखो प्रती रद्द कराव्या लागतात.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पूर्वचाचणी म्हणजे लोकांची पसंती घेणे नव्हे. ‘तुम्हाला हे चित्र आवडले का?’ या प्रश्नाला बहुतेक माणसे सौजन्याने होकारच देतात. ‘या चित्रात तुम्हाला काय दिसले? ते तुम्हाला काय करायला सांगते?’ हे प्रश्न विचारल्यावर मात्र खरी माहिती हाती येऊ लागते. लोकांना संदेश आवडला की नाही यापेक्षा त्यांनी त्याचा कोणता अर्थ लावला, हा पूर्वचाचणीचा मुख्य विषय आहे.

पद्धतीचा उगम

या पद्धतीच्या इतिहासात शासकीय प्रचाराचा मोठा वाटा आहे. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड नभोवाणी कार्यक्रमांवरील श्रोत्यांचा प्रतिसाद तपासत होते. श्रोत्यांच्या हाती दोन बटणे दिलेली असत. कार्यक्रम ऐकताना एखादा भाग आवडला तर हिरवे, नावडला तर लाल बटण दाबायचे. जनतेचे मनोधैर्य टिकवण्यासाठी तयार केलेल्या शासकीय कार्यक्रमांची चाचणी पाहण्यास त्यांनी रॉबर्ट मर्टन या सहकाऱ्यास बोलावले. बटणे प्रतिसाद केव्हा बदलला ते सांगतात, पण तो का बदलला ते सांगत नाहीत, ही उणीव भरून काढण्यासाठी मर्टन यांनी श्रोत्यांशी नेमक्या विषयावर पद्धतशीर संभाषण करण्याचे तंत्र विकसित केले. १९४६ मध्ये पॅट्रिशिया केंडॉल यांच्यासह त्यांनी ते लेखरूपाने मांडले. आज बाजारपेठ-संशोधनात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या केंद्रित गटचर्चेचा हा एक प्रमुख उगम मानला जातो.

भारतातही श्रोत्यांचे म्हणणे जाणून घेण्याची परंपरा नवी नाही. १९५६ मध्ये आकाशवाणी व युनेस्को यांनी पुणे केंद्रावरून तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत शेतकरी नभोवाणी मंडळांचा प्रयोग केला. त्याचे मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. मंडळे असलेल्या व नसलेल्या गावांची तुलना करून ज्ञानातील वाढ तपासण्यात आली. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झालेल्या उपग्रह शैक्षणिक दूरदर्शन प्रयोगात (‘साइट’) आणि गुजरातमधील खेडा प्रकल्पात प्रेक्षक-संशोधनाला कार्यक्रम-निर्मितीचा भाग मानण्यात आले.

पाच कसोट्या

संदेशाची पूर्वचाचणी सामान्यतः पाच निकषांवर केली जाते.

पहिला निकष लक्षवेधकतेचा. अनेक फलकांच्या गर्दीत हा फलक नजरेत भरतो का, त्यातील कोणती गोष्ट प्रथम दिसते, हे येथे पाहिले जाते. कधी कधी चित्रातील अलंकरणच प्रथम दिसते आणि मूळ सूचना कोपऱ्यात राहून जाते.

दुसरा निकष आकलनाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. अतिसारावरील क्षारसंजीवनीचे उदाहरण घेऊ. समजा, एका फलकावर पुडी, पाण्याचे भांडे आणि पेला अशी तीन चित्रे शेजारी-शेजारी काढली आहेत. प्रमाणित पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची असते. फलक पाहून एखाद्या मातेने ‘पुडी पेल्यात टाकायची’ असा अर्थ घेतला, तर तयार होणारे द्रावण अतिशय तीव्र होईल आणि आजारी बालकास अपाय करील. येथे चित्र सुबक आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. दहा मातांना फलक दाखवून ‘आता तुम्ही काय कराल ते करून दाखवा’ असे सांगितले, तर ही चूक अर्ध्या तासात उघड होऊ शकते.

तिसरा निकष स्वीकारार्हतेचा. संदेशात कोणाच्या भावना दुखावणारे, संकोच वाटायला लावणारे किंवा स्थानिक रीतीशी विसंगत असे काही आहे का? चौथा निकष आपलेपणाचा. चित्रातील माणसे, घर, पोशाख व बोली पाहून ‘हे आमच्याविषयी आहे’ असे वाटते की ‘हे शहरातल्या लोकांसाठी आहे’ असे वाटते? पाचवा निकष कृतिप्रेरणेचा. संदेश समजल्यानंतर नेमके काय, कोठे आणि केव्हा करायचे हे स्पष्ट होते का, आणि ते करणे शक्य आहे असे वाटते का? ‘स्वच्छता राखा’ या घोषवाक्याशी सर्वजण सहमत होतात. परंतु त्यातून निश्चित अशी एकही कृती सूचित होत नाही.

चित्र ही सार्वत्रिक भाषा आहे का?

निरक्षरांसाठी चित्रे पुरेशी असतात, असा समज नियोजनकर्त्यांमध्ये दीर्घकाळ रूढ होता. १९७६ मध्ये नेपाळमध्ये युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या एका अभ्यासाने या समजाला धक्का दिला. ग्रामीण स्त्री-पुरुषांना एकाच विषयाची निरनिराळ्या शैलींतील चित्रे दाखवून त्यांना काय दिसते ते विचारण्यात आले. छायांकन असलेली वास्तववादी चित्रे तुलनेने अधिक ओळखली गेली. ठोकळेबाज, प्रतीकात्मक आकृत्या सर्वांत कमी. पार्श्वभूमीतील गर्दीमुळे छायाचित्रेही अपेक्षेइतकी प्रभावी ठरली नाहीत. चित्रमालिका डावीकडून उजवीकडे पाहायची असते, ही आपल्याला स्वाभाविक वाटणारी गोष्टही वाचन शिकल्यानेच अंगवळणी पडते, हेही यातून स्पष्ट झाले. चित्र वाचणे हे अक्षर वाचण्यासारखेच शिकावे लागते.

भारतासारख्या देशात हा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. दिल्लीत एका भाषेत तयार झालेली कल्पना इतर भाषांत अनुवादित होते तेव्हा शब्द पोहोचतात, पण त्यांची छटा हरवते. म्हणून अनुवादित संदेशाची त्या त्या भाषक समूहात स्वतंत्र चाचणी घेणे आवश्यक ठरते.

मीना : चाचणीतून घडलेली व्यक्तिरेखा

सार्क संघटनेने १९९० हे बालिका वर्ष आणि त्यापुढील दशक बालिका दशक म्हणून जाहीर केले होते. या पार्श्वभूमीवर युनिसेफच्या बांगलादेश कार्यालयाने संपूर्ण दक्षिण आशियासाठी एका मुलीची कार्टून व्यक्तिरेखा निर्माण करण्याचे ठरविले. तिचे रेखाटन मुंबईतील ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन यांनी केले. येथे आव्हान असे होते, की बांगलादेश, भारत, नेपाळ व पाकिस्तान या चार देशांतील प्रेक्षकांना ही मुलगी आपल्याच गावातील वाटली पाहिजे.

यासाठी व्यक्तिरेखेचे चेहरे, पोशाख, घर व परिसर यांची पर्यायी चित्रे मुले, पालक व शिक्षक यांच्या गटांना दाखवण्यात आली; कथानकेही सांगून पाहण्यात आली. पोशाख कोणत्याही एका देशाशी वा धर्माशी जोडला जाऊ नये याची काळजी घेतली गेली. ‘मीना’ हे नावही हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांत परिचित असल्याने स्वीकारले गेले. या मालिकेचा पहिला भाग १९९३ मध्ये बांगलादेश दूरदर्शनवर दाखवण्यात आला. त्यात शाळेत जाऊ न शकणारी मीना आपल्या मिठू पोपटाला शाळेत पाठवून मोजणी शिकते आणि त्या ज्ञानाच्या बळावर कोंबडी चोरीला गेल्याचे ओळखते. मुलीच्या शिक्षणाचा उपयोग घराला तात्काळ दिसतो, अशी ही कथा होती. मीनाची लोकप्रियता हा केवळ कल्पकतेचा विजय नव्हता. चित्रे पुन्हा पुन्हा लोकांसमोर नेऊन बदलण्याच्या तयारीचाही तो परिणाम होता.

प्रथमदर्शन आणि लोकस्मृती

पहिल्या नजरेतील अर्थ केवळ चित्रात नसतो; पाहणाऱ्याच्या पूर्वानुभवातही असतो. कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा लाल त्रिकोण हे याचे बोलके उदाहरण आहे. १९६० च्या दशकात केंद्रीय आरोग्य मंत्रालयातील डी. के. त्यागी आणि फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर यांच्या काळात हे चिन्ह आणि आई, वडील, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे देशभर झळकू लागले. अक्षराविना ओळखता येणारे आणि खेड्यातील रंगाऱ्यालाही भिंतीवर सहज काढता येणारे असे हे चिन्ह होते. याच सुमारास कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतून निरोध-साधनांच्या सवलतीच्या विक्रीची योजना पुढे आली. त्यासाठी ‘कामराज’ हे नाव सुचविले गेले होते, परंतु ते तत्कालीन काँग्रेस अध्यक्षांचे नाव असल्याने मागे पडले, असे सांगितले जाते. अखेर ‘निरोध’ हे नाव स्वीकारले गेले. १९६८ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम सामाजिक विपणनाचा जगातील एक आरंभीचा मोठा प्रयोग मानला जातो. फिलिप कोटलर व जेराल्ड झाल्टमन यांनी सामाजिक विपणनाची संकल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली ती त्यानंतर, १९७१ मध्ये.

तथापि, आणीबाणीच्या काळातील (१९७५–७७) सक्तीच्या नसबंदीनंतर कार्यक्रमाविषयीच लोकांच्या मनात भीती बसली. चिन्ह तेच राहिले तरी ते पाहताच होणारी भावना बदलली. १९७७ मध्ये ‘कुटुंबनियोजन’ या नावाऐवजी ‘कुटुंबकल्याण’ हे नाव स्वीकारण्यात आले. एकदा यशस्वी ठरलेला संदेश कायम यशस्वी राहतो असे नाही. काळ व अनुभव बदलले की त्याची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. शिवाय सेवेने गमावलेला विश्वास केवळ नव्या चित्राने परत मिळत नाही.

चाचणी कशी घ्यावी?

पूर्वचाचणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. शिस्त मात्र लागते. सर्वप्रथम लक्ष्यगट निश्चित करावा. नवविवाहित स्त्रिया, त्यांच्या सासवा आणि पती हे एकाच घरातील तीन वेगळे गट आहेत; त्यांना एकत्र बसविल्यास सून बोलत नाही. प्रत्येक गटात सहा ते दहा व्यक्ती असाव्यात आणि नवे मुद्दे येणे थांबेपर्यंत गटचर्चा घ्याव्यात. विषय संकोचाचा असेल तर वैयक्तिक मुलाखतच योग्य ठरते.

संकल्पनेचे किमान दोन-तीन पर्याय कच्च्या स्वरूपात न्यावेत. एकच देखणा, पूर्ण झालेला फलक दाखवला की ‘हे तर ठरलेलेच आहे’ असे लोक समजतात आणि टीका टाळतात. पर्याय दाखवण्याचा क्रम प्रत्येक गटात बदलावा, कारण प्रथम पाहिलेल्या चित्राचा प्रभाव नंतरच्या उत्तरांवर पडतो. चित्र काही क्षण दाखवून झाकावे आणि प्रत्येकाचे पहिले उत्तर चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे नोंदवावे. अन्यथा गटातील सरपंच किंवा शिक्षक जे म्हणतील तेच इतरांचे मत होते. त्यानंतर चित्र पुन्हा समोर ठेवून सविस्तर बोलावे.

संदेश ज्याने तयार केला त्याने चाचणी घेऊ नये. निर्माता नकळत समजावून सांगू लागतो आणि मग चाचणी फलकाची न राहता स्पष्टीकरणाची होते. प्रत्यक्षात फलकाशेजारी समजावून सांगण्यास कोणी उभे नसते. तसेच ज्या अधिकाऱ्याच्या हाती योजनेचा लाभ आहे, त्याच्या उपस्थितीत प्रामाणिक उत्तराची अपेक्षा ठेवता येत नाही. उत्तरे लोकांच्या मूळ शब्दांतच टिपावीत. अनेकदा अंतिम घोषवाक्य याच नोंदींतून सापडते.

गटचर्चेतून अर्थाचे प्रकार कळतात, त्यांचे प्रमाण नव्हे. दहापैकी चार जणांनी चुकीचा अर्थ लावला यावरून राज्यातील चाळीस टक्के लोक तसाच अर्थ लावतील असे म्हणता येत नाही. प्रमाण जाणून घ्यायचे असल्यास दोन पर्याय यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या पुरेशा मोठ्या नमुन्यांना दाखवून तुलना करावी लागते.

मर्यादांचे भान

पूर्वचाचणीचे निष्कर्ष आंधळेपणाने स्वीकारणेही घातक ठरू शकते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की एखादी गोष्ट वारंवार समोर आल्याने तिच्याविषयीची अनुकूलता वाढते. त्यामुळे प्रथमदर्शनी अनोळखी वाटलेली कल्पना केवळ तेवढ्यासाठी फेटाळू नये. नावीन्यामुळे आलेली नापसंती कालांतराने कमी होऊ शकते. चुकीचा लावलेला अर्थ मात्र पुनरावृत्तीने अधिक पक्का होतो. या दोन प्रतिसादांत फरक करणे हे विश्लेषकाचे खरे कौशल्य होय.

दुसरी मर्यादा अशी, की समजणे म्हणजे आचरणात आणणे नव्हे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत झालेला ‘सुपर-अम्मा’ हा हात धुण्याविषयीचा प्रयोग येथे मार्गदर्शक आहे. रोगजंतूंची माहिती देण्याऐवजी त्यात किळस आणि मुलांना चांगले वळण लावण्याची मातेची इच्छा या भावनांना आवाहन केले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनंतर मोहीम राबविलेल्या सात गावांत महत्त्वाच्या प्रसंगी साबणाने हात धुण्याचे प्रमाण ३७ टक्के, तर इतर सात गावांत ६ टक्के आढळले. येथे लोकांचे मत विचारून न थांबता त्यांच्या घरी प्रत्यक्ष वर्तनाचे निरीक्षण केले गेले. पूर्वचाचणी हा पहिला दरवाजा आहे. त्यानंतर मर्यादित क्षेत्रातील प्रयोग आणि मग विस्तार, हा क्रम योग्य ठरतो.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये ‘कॉमन कॉज’ प्रकरणात शासकीय जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिराती शासनाच्या जबाबदाऱ्यांशी संबंधित, वस्तुनिष्ठ व राजकीय हेतूपासून मुक्त असाव्यात, तसेच त्या समर्थनीय व किफायतशीर असाव्यात, असा त्यांचा आशय आहे. किफायतशीरपणाचा विचार केवळ प्रसिद्धीच्या दरांपुरता मर्यादित ठेवता येणार नाही. न समजलेली जाहिरात कितीही स्वस्तात प्रसिद्ध झाली तरी ती महागच पडते. १९५५ पासून कार्यरत असलेले जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय २०१७ मध्ये क्षेत्रीय प्रसिद्धी संचालनालय आणि गीत व नाटक विभाग यांच्यासह एकत्र करण्यात आले. आज ही यंत्रणा केंद्रीय संचार ब्युरो म्हणून ओळखली जाते. संदेश तयार करणारे आणि गावोगावी जाऊन लोकांशी बोलणारे यांना एका छत्राखाली आणल्याने पूर्वचाचणी ही मोहिमेची नियमित पायरी बनविण्यास अनुकूल रचना उपलब्ध झाली आहे. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व स्वयंसाहाय्यता गट यांच्या मदतीने ती अल्प खर्चात जिल्हा पातळीवरही राबविता येईल.

विंचवाच्या चित्राची पुढील कहाणीही बोधप्रद आहे. आरंभी इशारा पाकिटाच्या केवळ पुढील बाजूच्या ४० टक्के भागावर होता. डिसेंबर २०११ पासून चित्रे बदलली आणि धूरविरहित तंबाखूच्या पाकिटांवर विंचवाऐवजी मुखकर्करोगाची चित्रे आली. १ एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याचा आकार दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागापर्यंत वाढविण्यात आला. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या फेरीत इशारा पाहून सोडण्याचा विचार केलेल्यांचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांत ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांत २९.३ टक्के व धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्यांत ३४.३ टक्के होते. २०१६-१७ च्या फेरीत ते अनुक्रमे ६१.९, ५३.८ व ४६.२ टक्के झाले. या वाढीचे सर्व श्रेय चित्रांना देता येणार नाही. इशाऱ्याचा आकार, करवाढ आणि इतर प्रबोधनाचाही त्यात वाटा असू शकतो. तरीही आकडे एक गोष्ट सुचवितात. ज्यांच्यासाठी इशारा होता त्यांना तो समजू लागला, तेव्हा त्यांनी त्यावर विचारही केला. मधल्या अडीच वर्षांत ज्यांच्या हाती विंचवाची पाकिटे पडली, त्यांच्याकडे हा प्रश्न घेऊन छपाईपूर्वी जाणे शक्य होते.